एचपीव्ही पॉझिटिव्ह, पण ताप नाही, त्रास नाही: शरीराला कळलंच नाही का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६. नेहमीच्या तपासणीत एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवू शकणाऱ्या ह्युमन पॅपिलोमा विषाणूची टेस्ट झाली. १६ आणि १८ हे प्रकार निगेटिव्ह, 'इतर हाय-रिस्क' या ओळीसमोर मात्र 'डिटेक्टेड'. पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, वर्षाने पुन्हा टेस्ट करू. आणि तुम्ही विचारलंय: "मला ना ताप आला, ना अंगावरून गेलं, ना ओटीपोटात दुखलं. सीबीसीही चांगली. मग माझ्या शरीराला हा विषाणू कळलाच नाही का? माझी इम्युनिटी कमी पडली का? ती वाढवायला काय घेऊ?"

मी विषाणूशास्त्राची. सुरुवातीची वर्षं संशोधनात गेली आणि नंतरची अठरा वर्षं ज्या प्रयोगशाळेत या टेस्ट होतात तिथे. रुग्ण तपासणं माझं काम नाही, पण रिपोर्ट हातात पडला की बायकांचे फोन येतात आणि बहुतेक जणी शेवटी हेच विचारतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. शरीरात लढायची ताकद आहे का, हा एक. लढायला हवंय ही बातमी शरीराला पोचली का, हा दुसरा. एरवी निरोगी असलेल्या बाईच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो, आहे' असंच येतं. घोडं अडतं ते दुसऱ्यापाशी. हा विषाणू वाढतोच अशा रीतीने की बातमी फुटू नये. त्यामुळे तो प्रतिकारशक्तीला कसा चकवतो हे समजायचं तर आधी तो वाढतो कसा हे बघावं लागतं.

त्याचा संसार अगदी छोटा आहे. सुमारे आठ हजार अक्षरांचा, कड्यासारखा गोल डीएनए, त्यात आठ-नऊ जनुकं आणि बाहेर प्रथिनांचं टणक कवच. डीएनएची नक्कल करणारं पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) त्याच्याकडे स्वतःचं नाही. ते पेशीचं वापरावं लागतं, आणि पेशी आपली ही सगळी यंत्रणा विभागायच्या वेळीच जोमात चालवते. त्याचं पुढचं बरंचसं वागणं या एका अडचणीतून ठरतं.

गर्भाशयाच्या मुखावरचं अस्तर अनेक थरांचं असतं. तळाच्या थरातल्या पेशी विभागत राहतात. एक पेशी तळाशी थांबते, दुसरी वर सरकायला लागते. वर चढता चढता ती चपटी होते, विभागणं सोडून देते आणि शेवटी पृष्ठभागावरून गळून पडते. विषाणूला मुक्कामाला हवी असते ती तळाची पेशी, कारण तीच टिकते. तिथपर्यंत जायला डोळ्याला न दिसणारी खरचटही पुरते. खरचटल्यावर अस्तराखालचा पातळ पडदा उघडा पडतो, त्यावरच्या हेपरान सल्फेट या साखरेच्या साखळ्यांना विषाणू चिकटतो. मग त्याच्या कवचाचा आकार किंचित बदलतो, फ्युरिन नावाचं आपलंच एक विकर कवचातल्या एल-२ या प्रथिनाचा तुकडा कापतं, आणि त्यानंतर तो पेशीत शिरतो. याला काही तास लागतात. इतर अनेक विषाणूंच्या मानाने हा फारच संथ कारभार आहे. हे तास लक्षात ठेवा, लसीबद्दल लिहिताना त्यांच्याकडे परत यायचंय.

आता राखणदारांकडे येऊ. उपजत प्रतिकारशक्ती म्हटलं की लोकांना पांढऱ्या पेशी आठवतात, पण पहिला पहारा त्वचेच्या आणि अस्तराच्या साध्या पेशींमध्येच बसलेला असतो. बाहेरून आत आलेल्या पिशव्यांमध्ये टीएलआर-९ नावाचं प्रथिन परका डीएनए हुंगत असतं. पेशीद्रवात सीगॅस असतं. त्याचा नियम साधा आहे: डीएनएने केंद्रकात राहावं, बाहेर उघडा दिसला तर काहीतरी बिघडलंय. सीगॅसने इशारा दिला की स्टिंग नावाचं दुसरं प्रथिन जागं होतं, पुढे आयआरएफ-३ हे निरोप्या प्रथिन केंद्रकात जातं आणि पेशी इंटरफेरॉन सोडते. इंटरफेरॉन म्हणजे दवंडी. शेजारच्या पेशी ती ऐकून दारं लावून घेतात आणि गस्तीवरच्या पांढऱ्या पेशी तिकडे वळतात. तुम्हाला फ्लूमध्ये ताप येतो, अंग मोडून येतं, त्यात या दवंडीचा मोठा वाटा असतो.

एचपीव्ही या पहाऱ्यातून जातो तो झाकलेला राहून. पेशीत शिरल्यावर तो पेशीद्रवात उडी मारत नाही. पेशीच्या आतल्या पडद्यांच्या पिशवीतच बसून उलट्या वाटेने गॉल्जी या पेशीच्याच एका भागापर्यंत जातो आणि तिथे पेशी विभागायची वाट पाहतो. विभागताना केंद्रकाभोवतीचा पडदा काही काळ विरतो. त्या संधीत तो पिशवीसकट गुणसूत्रांना जाऊन चिकटतो. विभागणी संपून नवा पडदा तयार झाला की तो आपोआप केंद्रकाच्या आत असतो, आणि त्याचा डीएनए उघडा पडतो तो त्यानंतर. म्हणजे सीगॅसच्या नजरेसमोरून तो गेला, पण बंद पालखीतून. हे प्रयोगाने तपासलेलं आहे. डीएनए रसायनाच्या मदतीने थेट पेशीत सोडला तर सीगॅस आणि स्टिंग खडबडून जागे होतात, विषाणूने आपल्या वाटेने आणला तर शांत राहतात. आणि विषाणू आत येत असताना त्या पिशव्या मुद्दाम फोडल्या तर लगेच बोंब उठते. राखणदार आंधळे नव्हते, त्यांना दाखवलंच गेलं नव्हतं.

केंद्रकात पोचल्यावरही घाई नाही. ई-१ आणि ई-२ ही विषाणूची दोन प्रथिनं पेशीचं विकर बोलावून डीएनएच्या थोड्या नकला काढतात. एका पेशीत साधारण ५० ते १००, आणि मग तिथेच थांबतात. पेशी विभागली की तिच्या डीएनएबरोबर या नकलाही दुप्पट होतात आणि दोन्ही लेकींमध्ये वाटल्या जातात. ई-२ त्यासाठी विषाणूचे गोल डीएनए गुणसूत्रांना बांधून ठेवतं. या टप्प्यावर विषाणूची प्रथिनं इतकी कमी असतात की बाहेरून ती पेशी शेजारणीपेक्षा वेगळी दिसत नाही.

खरी वाढ वर चढणाऱ्या पेशीत होते. पण वर चढणारी पेशी विभागणं सोडत असते, म्हणजे पॉलिमरेजची यंत्रणा बंद पडायच्या बेतात असते. इथे ई-७ हे विषाणूचं आणखी एक प्रथिन कामाला येतं. पेशीच्या विभागणीवर आरबी नावाचं प्रथिन लगाम धरून असतं, ई-७ तो लगाम सोडवतं. असा जबरदस्तीने लगाम सुटला की एरवी पी-५३ हे प्रथिन पेशीला मरायला लावतं, म्हणून ई-६ पी-५३ला पेशीच्याच कचरायंत्रणेकडे पाठवून नष्ट करवतं. यंत्रणा पुन्हा चालू होते आणि एका पेशीत विषाणूच्या नकला हजारोंवर जातात. कवचाची प्रथिनं, म्हणजे प्रतिकारशक्तीला सर्वात सहज ओळखता येतील अशी, तयार होतात ती अगदी वरच्या थरात, जिथे पेशीचं आयुष्य तसंही संपत आलेलं असतं आणि गस्त विरळ असते. ई-४ पेशीचा केराटिनचा सांगाडा खिळखिळा करतं, पेशी ठरल्याप्रमाणे गळते आणि विषाणू तिच्याबरोबर बाहेर पडतो. तळापासून वरपर्यंत सगळं मिळून साधारण तीन आठवडे.

संशोधनाच्या काळात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. प्लास्टिकच्या बशीत सपाट वाढवलेल्या पेशींत हा विषाणू पूर्ण तयारच होत नाही. त्याला चढायला थर हवेत. पूर्वी सगळ्यांनाच हीच अडचण होती. जर्मन विषाणूशास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउझेन यांच्या गटाला १९८३ आणि १९८४ मध्ये एचपीव्ही १६ आणि १८ सापडले ते विषाणू वाढवून नव्हे, कॅन्सरच्या गाठींमधला डीएनए जुळवून. त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. थरांच्या कृत्रिम अस्तरात पूर्ण विषाणू तयार करणं जमलं १९९२ साली. आम्हीही तसंच करायचो. कोलॅजेनच्या गादीवर पेशी लावायच्या, त्या हवेच्या पातळीपर्यंत उचलायच्या आणि जवळपास दोन आठवडे जपायचं. मग त्याचा पातळ काप घेऊन कवचाच्या प्रथिनाला चमकणारा रंग लावायचा. पहिल्यांदा जमलं तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली तळाचा थर काळाभोर होता, जणू काहीच घडलेलं नाही, आणि फक्त वरच्या दोन-तीन ओळींत दिवे लागलेले. मी कितीतरी वेळ ते बघत बसले होते. तुमचा प्रश्न वाचला तेव्हा तोच काप डोळ्यांसमोर आला.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: तो पेशी फोडत नाही, रक्तात उतरत नाही, सूज आणत नाही, आणि भरपूर संख्येने तयार होतो तो अशा पेशींत ज्या आज ना उद्या गळणारच होत्या. म्हणून ताप नाही, म्हणून सीबीसीत काही नाही. सीबीसी रक्ताची असते, हा विषाणू अस्तराच्या बाहेर कधी जातच नाही.

पण लपून राहणं ही निम्मी गोष्ट झाली. उरलेली निम्मी म्हणजे दवंडी पिटणाऱ्याचं तोंड दाबणं, आणि ते काम पुन्हा ई-६ आणि ई-७च करतात. एचपीव्ही १६च्या बाबतीत दिसलंय की त्यांच्यामुळे पेशीत टीएलआर-९ बनणंच कमी होतं. ई-६ आयआरएफ-३ला धरून ठेवतं. एचपीव्ही १८चं ई-७ स्टिंगला जाऊन बांधतं, आणि मला यातली सर्वात थक्क करणारी गोष्ट ही वाटते की ज्या छोट्या तुकड्याने ते आरबीला पकडतं, त्याच तुकड्याने स्टिंगलाही पकडतं. एकच हात, दोन कुलपं. आठ हजार अक्षरांत भागवायचं तर प्रत्येक प्रथिनाला दोन-तीन कामं करावी लागतात.

यापुढचा भाग डॉक्टरांच्याही बोलण्यात फारसा येत नाही. अस्तराच्या पेशींत इंटरफेरॉन-कप्पा नावाचं एक इंटरफेरॉन संसर्ग नसतानाही मंद आचेवर चालू असतं, देवघरातल्या समईसारखं. त्याच्यामुळे पेशी कायम थोड्या सावध असतात. एचपीव्ही ते विझवतो. ई-६मुळे त्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर रासायनिक खुणा चढतात आणि जनुक गप्प होतं. शिवाय शेजारून कुणी दवंडी पिटलीच, तर ती ऐकणारे कानही बधिर केलेले असतात: टीवायके-२ आणि आयआरएफ-९ या निरोप आत नेणाऱ्या प्रथिनांच्या कामात ई-६ आणि ई-७ अडथळा आणतात. ई-५ पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूचे तुकडे मांडून दाखवणाऱ्या एचएलए-ए आणि बी या प्रथिनांना आतच अडकवून ठेवतं. आणि गस्तीवरच्या लँगरहान्स पेशींना अस्तराकडे बोलावणारे निरोप कमी झाले की त्या पेशीही तिथे कमी होतात. खबर द्यायला नाक्यावर कुणी उरत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. यातले बरेच प्रयोग अशा पेशींवर झालेत ज्यांत ई-६ आणि ई-७ भरपूर प्रमाणात असतात, कित्येकदा कॅन्सरच्याच पेशींवर. ताज्या संसर्गात ही प्रथिनं फार थोडी असतात. शिवाय १६चं ई-६ जे करतं ते तुमच्या अंगातल्या प्रकाराचं ई-६ तितक्याच जोराने करेल असं नाही. 'इतर हाय-रिस्क' या ओळीत सहसा बारा प्रकार एकत्र मोजतात आणि त्यांचा स्वभाव एकसारखा नाही. १६ सर्वात चिवट. जगातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्क्यांना १६ आणि १८ हे दोनच जबाबदार आहेत. १६ किंवा १८ निघाला असता तर पॅप नॉर्मल असूनही डॉक्टरांनी थेट कोल्पोस्कोपीला, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख तपासायला, पाठवलं असतं. तुम्हाला वर्षाची मुदत मिळाली ती यामुळे. तो निष्काळजीपणा नाही.

आता तुम्ही विचाराल, इतका पक्का बंदोबस्त असेल तर हा विषाणू कुणाचाच जायला नको. पण जातो. दहापैकी आठ-नऊ संसर्ग दोन वर्षांत टेस्टमध्ये दिसेनासे होतात. गप्प बसवणं कधीच शंभर टक्के जमत नाही. कुठेतरी एखादी पेशी अवेळी मरते, कुठेतरी लँगरहान्स पेशीला तुकडा सापडतो, ती लसिकाग्रंथीत जाऊन टी-पेशींना, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी हेरून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवते, आणि मग ई-२ आणि ई-६ ओळखणाऱ्या टी-पेशी परत येतात. उशिरा येतात, पण आल्या की काम करतात. बरे होत असलेल्या चामखिळीचा काप पाहिला तर तिथे टी-पेशींची दाटी दिसते, आणि न हटणाऱ्या चामखिळीत ती नसते. गेला म्हणजे मुळासकट गेला असं मात्र म्हणता येत नाही. कधी कधी तळाच्या पेशींत अगदी थोड्या नकला राहतात, टेस्टला सापडत नाहीत, आणि पुढे कधीतरी पुन्हा डोकं वर काढतात.

दवंडीला इतकं महत्त्व मी का देतेय, तर त्याचे पुरावे माणसांतच आहेत. एपिडर्मोडिस्प्लेसिया व्हेरुसिफॉर्मिस नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्या रुग्णांच्या अंगभर चपट्या चामखिळी येतात, त्याही एचपीव्हीच्या अशा प्रकारांमुळे जे तुमच्या-माझ्या त्वचेवर निमूट राहतात. त्यांच्यात टीएमसी-६ किंवा टीएमसी-८ या जनुकात बिघाड असतो हे २००२ साली कळलं. ही जनुकं त्वचेच्या पेशीच्या आतल्या बंदोबस्ताची आहेत. दुसरा पुरावा औषधाचा. जननेंद्रियाच्या बाहेरच्या चामखिळींवर इमिक्विमॉड नावाचं मलम देतात. ते विषाणूला काहीच करत नाही, फक्त टीएलआर-७ हा राखणदार जागा करतं आणि तिथे इंटरफेरॉन सुटायला लावतं. कित्येकांच्या चामखिळी एवढ्याने जातात. (हे मलम आत वापरायचं नाही आणि स्वतःच्या मनाने तर मुळीच नाही.) तिसरा पुरावा दुःखद आहे. एचआयव्ही असलेल्या बायकांना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या सहापट असतो.

यावरून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. इम्युनिटी वाढवायला काय घेऊ? माझं मत स्पष्ट आहे: त्या नावाने बाजारात जे मिळतं ते काहीही नको. काढा, पावडर, गोळ्या, सगळं असं गृहीत धरून विकलं जातं की तुमचं सैन्य अशक्त आहे आणि त्याला खुराक हवाय. तुमचं सैन्य बहुधा धडधाकट आहे, त्याला पत्ता मिळालेला नाही. खुराक दिल्याने पत्ता मिळत नाही. माझा खरा राग मात्र दुसऱ्या गोष्टीवर आहे. काहीतरी घेतोय या समाधानात बाई पुढची तारीख विसरते. आमच्याकडे एकीची टेस्ट अशीच 'इतर'मध्ये पॉझिटिव्ह आली होती. तिला कुणीतरी महागडा कोर्स दिला, बरं वाटत होतं म्हणून ती वर्षाने आली नाही, चार वर्षांनी आली. कोल्पोस्कोपीत सीआयएन-३, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा गंभीर बदल, निघालं. वेळेत छोटी प्रक्रिया झाली, ती आज ठणठणीत आहे. पण ती चार वर्षं आठवली की मला अजून धस्स होतं. बरं वाटणं हा या आजारात काहीच पुरावा नाही. सुरुवातीपासून बरंच वाटत असतं.

विषाणूला कॅन्सर हवा असतो असं समजू नका. त्याच्या दृष्टीने ती बंद वाट आहे. बहुतेक कॅन्सरांत विषाणूचा गोल डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात अडकलेला सापडतो. तुटताना बहुधा ई-२चं जनुक जातं, आणि ई-६, ई-७वर लगाम ठेवणारं तेच असतं. मग ती दोन्ही बेसुमार बनत राहतात, पेशी विभागत राहते, पी-५३ नसल्याने चुका साठत जातात, आणि नवा विषाणू मात्र एकही तयार होत नाही. याला साधारणपणे दहा-वीस वर्षं लागतात, आणि त्यासाठी तोच प्रकार तिथे टिकून राहावा लागतो. म्हणून आम्हा लोकांना एका पॉझिटिव्हपेक्षा दुसऱ्या पॉझिटिव्हची जास्त काळजी वाटते. पहिलीचा अर्थ इतकाच की विषाणू भेटला. दुसरीवरून कळतं की बातमी अजून पोचलेली नाही.

तुमच्या बाबतीत नेमकं काय होईल हे काही गोष्टींवर ठरेल आणि त्या मला माहीत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांना आठवणीने सांगा. एखाद्या आजारासाठी स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत का? एचआयव्हीची तपासणी कधी झाली आहे का? सिगारेट ओढता का? धूम्रपानाने हा विषाणू टिकण्याची आणि पुढे सरकण्याची शक्यता वाढते, आणि सोडणं तुमच्या हातात आहे. यातलं काही असेल तर वर्षाची मुदत कमी करायची की नाही हे त्या ठरवतील. संबंधांनंतर रक्त गेलं किंवा पाळी नसताना डाग पडला, तर मुदतीची वाट बघायचीच नाही, लगेच दाखवायचं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण फोनवर आवाज खाली करून बऱ्याच जणी विचारतात म्हणून लिहिते: हा कधी आला, कुणाकडून आला? टेस्टवरून ते सांगता येत नाही. विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो हे वर लिहिलंच आहे. आज सापडलेला संसर्ग मागच्या महिन्यातला असू शकतो तसा लग्नाआधीचाही असू शकतो, तुमच्याकडून किंवा त्यांच्याकडून. या रिपोर्टवरून घरात कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू बहुतेक सगळ्यांनाच भेटतो.

लसीबद्दल. ती आताचा संसर्ग काढत नाही, कारण तळाच्या पेशीत बसलेल्या विषाणूवर कवचच नसतं आणि लसीने तयार होणाऱ्या प्रतिपिंडांना (अँटिबॉडीजना) फक्त कवच ओळखता येतं. पण घरात ९ ते १४ वयाची मुलगी किंवा भाची असेल तर तिच्यासाठी जरूर विचारा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅकला २०२२ साली परवानगी मिळाली, ती ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवर आहे. लस इतकी चांगली का चालते याचं उत्तर वरच्याच गोष्टीत आहे. नैसर्गिक संसर्गात कवच गस्तीच्या नजरेला जवळपास पडतच नाही, त्यामुळे कित्येक बायकांत प्रतिपिंडं तयारच होत नाहीत, झाली तरी फार थोडी. लसीत विषाणू नसतो, फक्त एल-१ या कवचाच्या मुख्य प्रथिनाचं रिकामं कवच असतं, पण ते दंडाच्या स्नायूत जातं. तिथे हा विषाणू आयुष्यात कधी जात नाही आणि तिथे लपायलाही जागा नाही. शरीर ते पाहतं आणि भरपूर प्रतिपिंडं बनवतं. पुढे कधी खरचटलं आणि विषाणू त्या पडद्यावर येऊन चिकटला, की ते सुरुवातीचे संथ तास प्रतिपिंडांना पुरेसे होतात.

आणि टेस्टचं म्हणाल, तर आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने मोठा अभ्यास झाला. ५२ गावगटांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. २००९ साली निकाल आला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची टेस्ट करून पुढचे उपचार दिलेल्या गटात, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने बळावलेले कॅन्सर आणि मृत्यू जवळपास निम्मे झाले. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो. ज्या विषाणूची दवंडी शरीर पिटत नाही त्याची खबर ही टेस्ट देते, आणि तुमच्या बाबतीत तिने ती वेळेत दिली आहे.

वर्षाने जाल तेव्हा हा रिपोर्ट बरोबर न्या. शक्यतो त्याच पद्धतीची टेस्ट करायला सांगा, म्हणजे दोन्ही निकाल एकमेकांशेजारी ठेवून वाचता येतील. आणि परवडत असेल तर 'इतर'मधला नेमका प्रकार सांगणारी टेस्ट मिळते का ते विचारा. पुन्हा पॉझिटिव्ह आली तर कोल्पोस्कोपी होईल. त्यात दुर्बिणीसारख्या भिंगातून मुखाची पाहणी करतात, भूल लागत नाही आणि दहा-पंधरा मिनिटांत घरी जाता येतं. तारीख आजच कॅलेंडरवर लिहा, आणि घरातल्या आणखी कुणाला तरी सांगून ठेवा.